डाव्या खुर्चीतला अर्धा कोयता

१७ ऑक्टोबर, मंगळ.

‘सहकारी वैमानिकांनो, विमानं कोणती घ्यायची हे आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. ती उभी राहिली तेव्हा घरी कुणी बसायचं, हे मात्र आता आपल्यालाच विचारतायत.’

रविवारच्या सभेचं पहिलं वाक्य. सकाळी गोठ्यामागं उभी राहून मोठ्यानं म्हणून पाहिलं. बरं बसतं. म्हशीनंसुद्धा मान वर केली.

कंपनीचं परिपत्रक काल आलं. इंजिनं तपासणीला गेली, विमानं विमानतळाच्या कडेला झाकून ठेवली, काम कमी आणि माणसं जास्त. दोन पर्याय दिलेत. एक, यादीतले शेवटचे को-पायलट डिसेंबरपासून ‘फर्लो’वर, म्हणजे बिनपगारी, बिनमुदत घरी. दोन, कॅप्टन लोकांनी ‘स्वेच्छेनं’ आपलं काम आणि पगार कमी करून घ्यावा. संघटनेनं दहा नोव्हेंबरपर्यंत कळवायचं.

स्वेच्छेनं. मालकाच्या तोंडून हा शब्द आला की आपल्या खिशावर हात ठेवावा. मजुरांचा कुठलाही इतिहास काढून बघा, प्रत्येक कपातीच्या आधी हा शब्द हात जोडून उभा असतो.

संघटनेचे अध्यक्ष कॅप्टन प्रधान. मला उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत, म्हणजे को-पायलटची कॅप्टन, त्यांनीच केलं. त्यांचा निरोप, की सभेत शेवटी तू बोल, कपातीविरुद्ध. तू बोललीस की लोक हलतात. लगेच हो म्हणाले.

रोस्टर, म्हणजे उड्डाणांचा तक्ता, जवळजवळ रिकामं, म्हणून गावी आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तेही निमित्त.

दादाला फर्लो म्हणजे काय ते सांगत होते. जिल्हा परिषद लढवलेला माणूस, एकदा पडलेला, दोनदा निवडून आलेला. म्हणाला, “फर्लो तं जेलातल्या मानसाला भेटतो की गं वैजे.” तोच शब्द, म्हटलं. “मंग तिकडं कैदी घरी आला की पेढे वाटतेत. तुमच्यात कावून रडायलेत?”

आई हसली. मला राग आला. पण शब्दाची ही दोन तोंडं भाषणात घेता येतील.

१८ ऑक्टो., बुध.

परळीहून रेणुकाचा फोन. ती को-पायलटांच्या यादीत शेवटच्यांत आहे.

आमच्या ज्येष्ठतेच्या यादीचं गणित साधं आणि क्रूर आहे. कॅप्टन जास्त झाले की सगळ्यांत नवे कॅप्टन उजव्या खुर्चीत सरकतात. उजव्या खुर्चीतले एकेक जागा खाली सरकतात. जो तळाशी असेल तो विमानाबाहेर.

जिल्ह्यातल्या आम्ही दोघीच या कंपनीत. माजलगावच्या एका कॉलेजात मी कधीतरी भाषण ठोकलं होतं, मुलींनो मान वर करा वगैरे. मी विसरले. तिसऱ्या रांगेतल्या या पोरीनं मान वर केली ती खाली घेतलीच नाही. वडील राखेच्या विटा पाडतात. परळीत खिडक्या लावून घेतल्या तरी वीजकेंद्राची राख घरात येते. ती म्हणते, धुक्यातलं लँडिंग मला जड जात नाही त्याचं कारण तेवढंच.

दोनदा माझ्याबरोबर उडाली आहे. हात शांत. आडव्या वाऱ्यात एकदा इंग्रजी सोडून “आता गं बाई” म्हणाली आणि विमान सुरेख टेकवलं. ते वाक्य कॉकपिटच्या रेकॉर्डरवर गेलं म्हणून आठवडाभर घाबरली होती.

आज काहीच मागितलं नाही तिनं. एवढंच विचारलं, की घरी काय सांगू. “पप्पाला वाटायलंय मला सुट्टी लागलीय. लोकायला सांगत हिंडायलेत, पोरगी दिवाळीला घरी ऱ्हाणार म्हणून.”

मी म्हटलं, रविवारी सभा आहे, लढणार आहोत.

“कुनाशी, ताई?”

कंपनीशी, म्हटलं. ती बरं म्हणाली. तिचं ते ‘बरं’ दिवसभर डोक्यात.

२० ऑक्टो., शुक्र.

प्रधान सरांशी तासभर बोलणं. त्यांचं म्हणणं उतरवून ठेवते, कारण ते पोकळ नाही.

ते तरुण असताना, दुसऱ्या कंपनीत, अशीच कपात आली होती. तीन महिन्यांपुरती म्हणून. सह्या केल्या. विमानं परत भरून उडायला लागली तरी पगार परत आला नाही. कारण कागदावर ‘परिस्थिती सुधारेपर्यंत’ असं लिहिलं होतं, आणि परिस्थिती सुधारली की नाही हे ठरवणार कोण, तर कंपनी. “वैजयंती, अर्ध्यावर तुमचं भागतं हे एकदा त्यांना कळलं की पुरं द्यायचं कारण उरत नाही.”

शंभर टक्के खरं. मी हेच बोलणार आहे.

मग शेवटच्या पोरांचं काय, विचारलं. म्हणाले, त्यांचं वाईट वाटतं. दोन वर्षांनी विमानं आली की परत बोलावतील. दोन वर्षं विमानाला हात न लावलेल्या पोरीला कोण उभं करतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मग त्यांनी आईच्या डोळ्याची चौकशी केली.

भाषणाला दुसरं वाक्य मिळत नाही.

२१ ऑक्टो., शनि.

दादाशी भांडण झालं. बरंच झालं.

जेवताना दोन्ही पर्याय समजावून सांगत होते. कॅप्टननं निम्मं काम सोडलं तर एका माणसाच्या कामात दोन कॅप्टन राहतात, कुणी खाली सरकत नाही, तळाचं कुणी बाहेर पडत नाही. आणि तरी हे मान्य का करू नये, हेही तावातावानं सांगितलं. तो भाकरी मोडत ऐकत होता. म्हणाला, “म्हंजे एवढं शिकून, एवढं वर उडून, तू शेवटी अर्धा कोयताच की.”

पाटावरून उठले. वहिनी म्हणाली, बसा की वैजूताई, यांच्या तोंडाला काय लागताव. नाही बसले. विहिरीपर्यंत जाऊन आले.

वाटेत ऊसतोडीच्या मुकादमाच्या वाड्यापुढं माणसं जमलेली. दसऱ्यानंतर टोळी कारखान्यावर जाणार, जोड्या लावणं चाललं होतं. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवराबायकोची जोडी. टोळीत किती माणसं असं कुणी विचारत नाही, किती कोयते असं विचारतात. एकटा माणूस अर्धा कोयता. दोन अर्धे एकमेकांना जोडून मुकादम एक पुरा करतो, आणि ती जोडी फक्त त्या हंगामापुरती. पुढच्या दसऱ्याला पुन्हा नवी मांडणी. गेल्या वर्षीचा अर्धा या वर्षी पुरा असतो, त्याला कुणी अर्धा म्हणून धरून ठेवत नाही.

शेजारची लता होती तिथं. तिच्या नवऱ्याची पाठ गेली, म्हणून ती विधवा जावेबरोबर चाललीय. दोन अर्ध्या.

दादा शिवी म्हणून बोलला. पण प्र. सरांच्या कागदात जे नव्हतं ते या शिवीत आहे: हंगामापुरतं.

भाषण फाडलं. पहिलं वाक्यसुद्धा.

२२ ऑक्टो., रवि.

सभा ऑनलाइन. घरात रेंज नाही, म्हणून पाण्याच्या टाकीला टेकून गच्चीवर. खाली वहिनी शेवया वाळत घालत होती.

माझ्या आधी सगळे कपातीविरुद्ध. टाळ्यांची चित्रं स्क्रीनभर. प्र. सर म्हणाले, आता आपली तोफ. आणि तोफेनं तोंड फिरवलं.

हिंदी-इंग्रजी करत बोलले. सरसकट कपातीला माझा विरोध कायम. पण ज्याला वाटेल त्यानं आपल्यासारखा दुसरा शोधावा, दोघांनी मिळून एका माणसाचं काम वाटून घ्यावं, मार्चअखेरपर्यंत, तारीख कागदावर छापून. एक एप्रिलला जोडी आपोआप सुटली. कुणाच्या परिस्थितीची वाट नाही बघायची. आमच्या भागात याला अर्धा कोयता म्हणतात. इंग्रजीत काय म्हणावं ते ऐनवेळी सुचेना, ‘हाफ सिकल’ म्हटलं. बी अ हाफ सिकल. दोनदा म्हटलं. जोर देऊन.

वारा होता. आवाज तुटत होता म्हणे.

कुणीतरी खाली लिहिलं, ‘सिकल आला, हातोडा कुठाय?’ एका दिल्लीच्या कॅप्टननं हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकी शांतता. मी बोलल्यावर अशी शांतता पहिल्यांदाच.

प्र. सरांचा फोन नाही.

२३ ऑक्टो., सोम.

कंपनीची कारणे दाखवा नोटीस. ‘वैमानिकांना सामूहिक आजारपणाची खोटी रजा टाकण्यास जाहीर चिथावणी दिल्याबद्दल.’

आधी कळेचना. मग सोलापूरचा एक सहकारी आहे, त्यानं फोनवर उलगडलं. आम्हाला संप सहजी करता येत नाही. मग काय करतात, तर सगळे एकाच दिवशी ‘सिक’ कळवतात आणि विमानं जागची हलत नाहीत. आमच्या धंद्यात तो शब्द म्हणजे विमानतळाच्या रांगेत उभं राहून बॉम्ब म्हणण्यासारखा. तुटक्या आवाजात ‘हाफ सिकल’चं झालं ‘हाफ सिक कॉल’. निम्म्यांनी आजारी पडा. संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर.

कोयत्याचा ताप झाला.

या महिन्यात उरलेली दोन उड्डाणंही काढून घेतली. चौकशी संपेपर्यंत घरी. दादा एवढा हसला की आईनं त्याला खोलीबाहेर काढलं.

प्र. सरांचा फोन आला शेवटी. ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. “तुला इंग्रजीत उपमा द्यायला कुणी सांगितलं होतं?” मग, “वकील मी बघतो.” मग जरा थांबून, “माझ्याविरुद्ध बोलणार होतीस तर आधी मला सांगायचंस.”

खरं आहे. सांगायला हवं होतं.

२४ ऑक्टो., मंगळ. दसरा

नोटिशीला उत्तर लिहीत बसले. ‘कोयता ही आमच्या भागातील श्रमविभागणीची एक सन्माननीय पद्धत असून’ असं काहीतरी. वहिनीला वाचून दाखवलं. ती पुऱ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

“सन्माननीय काय त्यात? लताला ईचारलं का तुमी, अर्धं व्हायचं व्हतं का तिला?”

नाही विचारलं.

“अर्धा कोयता कुनी हौसेनं व्हत न्हाई, वैजूताई. तुमच्याकडं व्हायलेत, तर त्यायला तेवढं तरी सांगा.”

ते वाक्य खोडलं. वहिनी बरोबर आहे. लतापुढं दुसरा रस्ता नाही. आमच्यापुढं आहे, आणि फरक तेवढाच. म्हणजे ही गोष्ट आमच्यात खरोखर मनानं झाली तरच तिला अर्थ. सभेत गरम करून हात वर करायला लावले तर माझ्यात आणि परिपत्रकात फरक काय? आयुष्यभर मी लोकांना हलवलं. हलवणं आणि विचारणं वेगळं, हे आता कळतंय.

दुपारी रेणुका आली, परळीहून स्कूटीवर, आपट्याची पानं घेऊन. आईच्या पाया पडली. तिच्या डोळ्यात औषधाचा थेंब घालायचा राहिला होता, तो घातला. मला म्हणाली, सोनं घ्या ताई, सोन्यासारखं ऱ्हावा आणि इंग्रजी कमी बोला.

मग अंगणात बसलो. तिला आवडलेलं नाही माझं बोलणं, आणि कारण सिकल नव्हे.

“मला कुनी ताटातलं काढून वाढू नगा. पुढं सगळं आयुष्य त्या मानसाच्या बाजूला बसायचंय मला, त्याच्याकडं बघून चेकलिस्ट वाचायचीय.”

मग काय करायचं, विचारलं.

“अर्धं व्हायचं तर फकस्त कॅप्टनांनीच कावून? आमी तळाचे सगळे अर्धे व्हतो की. जोडीनं. मंग ते तुमचं दान न्हाई ऱ्हात.”

दान न्हाई ऱ्हात. मी आठवडाभर न्याय-अन्याय बोलतेय आणि मला हे दिसलं नाही. मी वरून खाली बघत होते.

पप्पांना सांगितलंस का, विचारलं. न्हाई. दिवाळीनंतर सांगते. जाताना म्हणाली, पप्पानं विटाच्या गाडीवर विमान काढून घेतलंय ताई, पेंटरला सांगून. तिला हसू आवरेना आणि मग आवरलं.

२७ ऑक्टो., शुक्र.

चौकशी. व्हिडिओवर तिघं जण. एक कंपनीचा वकील, एक सुरक्षा विभागाचा, एक मनुष्यबळवाली बाई. सगळे दिल्लीकडचे. सुरुवातीलाच विचारलं, ‘सिकल’ हा कुठल्या कारवाईचा सांकेतिक शब्द आहे?

समजावलं. ऊस, टोळी, जोडी, हंगाम. कुणालाच अर्थ लागेना. बाई म्हणाली, कॅन यू शो अस सम डॉक्युमेंट? कोयत्याचं डॉक्युमेंट कुठून आणू. दादा दारात उभा होता, त्यानं आत जाऊन भिंतीवरचा कोयताच आणून हातात दिला. मी तो कॅमेऱ्यापुढं धरला.

सुरक्षा विभागाचा माणूस खुर्चीसकट मागं सरकला. “कॅप्टन, प्लीज पुट द वेपन डाऊन.”

ठेवला. मग मात्र वकील हसला. म्हणाला, माझ्या आजोळी हाच, याला आम्ही दराती म्हणतो. त्याच्या आजोळची चार वाक्यं झाली आणि चौकशीचा ताप उतरला. रेकॉर्डिंग नीट ऐकलं तर ‘सिकल’च आहे असं त्यांनीच मान्य केलं. निकाल लेखी येईल.

बाईनं शेवटी विचारलं, कामाचं नव्हे, सहज: मार्चनंतर खरंच सगळे पूर्ण कामावर येतील अशी तुमची अपेक्षा आहे? अपेक्षा नाही, अट आहे, म्हटलं. तिनं लिहून घेतलं.

२९ ऑक्टो., रवि.

नोटीस मागं घेतली. ‘भाषेबाबत सावधगिरी बाळगावी’ अशी समज. उड्डाणं परत नाहीत मात्र, रोस्टर आधीच वाटून झालंय.

दादाला म्हटलं, आता पुन्हा सभा मागते, नीट सांगते. तो म्हणाला, “सभेत कुनी मन बदलत असतं का? सभेत मन दाखवतेत. बदलतेत घरी. मी दोनदा निवडून आलो ते घरोघर जाऊन, पडलो तवा लई भाषणं केलती.”

वक्तृत्वाच्या ढाली माझ्या कपाटात अजून आहेत. त्यांच्यादेखत म्हणाला.

३ नोव्हेंबर, शुक्र.

चार दिवस फोन. एकेका कॅप्टनला. भाषण नाही, आधी त्यांचं ऐकायचं. जमत नाही मला, जीभ मध्येच सुटते. पण ऐकलं.

एकाची दोन मुलं परदेशात शिकतायत, तो नाही म्हणाला. स्वच्छ, सरळ नाही. त्याला धन्यवाद म्हटलं आणि मनापासून म्हटलं. एक म्हणाली, मला मूल लहान आहे, निम्मं काम तर मी देवाकडं मागत होते, पण मागितलं तर घाबरट म्हणतील म्हणून गप्प होते. एकानं स्वतः काही न बोलता दुसऱ्याचं नाव सुचवलं. एक जण भडकला. माझ्यामुळं सगळ्यांकडं संशयानं बघतायत, म्हणाला. तेही ऐकलं.

पुण्याचं एक जोडपं, दोघं कॅप्टन. दोघं मिळून एकाचं काम करू म्हणाले. अगदी पुस्तकातला कोयता. त्यांना हे सांगितलं तर नवरा म्हणाला, घरी तोडणी कोण करतं ते विचारू नका.

तळाच्या को-पायलटांच्या जोड्या रेणुका लावतेय. परळीत बसून मुकादमकी. तिच्या जोड्या माझ्या आधी झाल्या.

६ नोव्हें., सोम.

जोड्यांच्या प्रस्तावाचा मसुदा तयार. मुदत ठळक अक्षरात, ३१ मार्च. ‘परिस्थिती सुधारेपर्यंत’ हे शब्द कुठंच नाहीत. ज्याला नको त्याच्या रोस्टरला आणि बढतीला धक्का नाही, हेही घातलं. मनुष्यबळवाल्या बाईनं अनौपचारिक कळवलं, की संघटनेकडून आला तर कंपनी विचार करेल, फर्लोची यादी तोवर थांबवता येईल. एकेकट्यानं पाठवला तर नाही.

संघटनेकडून म्हणजे अध्यक्षांच्या सहीनं. म्हणजे प्र. सर.

आणि एक गंमत. कॅप्टनांच्या यादीत सगळी नावं दोन-दोन आहेत, माझं एकटंच. नोटीस लागलेल्या बाईशेजारी आपलं नाव नको, असं एकानं स्पष्ट सांगितलं. इतरांनी आडून. अर्ध्याला अर्धा मिळाला नाही तर मुकादम त्याला टोळीत घेत नाही.

८ नोव्हें., बुध.

प्र. सरांशी फोनवर बोलले. भांडायला गेले नाही, ऐकायला. आधी माफी मागितली, सभेआधी न सांगितल्याबद्दल. ते विषयच टाळत होते.

मसुदा वाचलाय त्यांनी. चूक काढली नाही. म्हणाले, “तारीख कागदावर असते गं, सवय अंगात मुरते. एक एप्रिलला तुम्ही अर्धेच बरे आहात असं ते म्हणाले तर तू काय करणार? पुन्हा कोयता दाखवणार?”

मग ते दुसरंच बोलायला लागले. मार्चच्या शेवटी ते निवृत्त होतायत. मला माहीत होतं आणि मी कधी नीट मोजलं नव्हतं, की ज्या हंगामाबद्दल मी बोलतेय तो त्यांचा शेवटचा. “पगाराचं सोड. माझ्याकडं एवढंच उडणं शिल्लक आहे. पहाटे मुंबईवरून वर निघालो की डाव्या हाताला समुद्र उजळतो. ते मी निम्मं कुणाला देऊ?”

असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

पगारावर मला शंभर युक्तिवाद येतात. यावर एकही नाही. येऊ नयेच.

९ नोव्हें., गुरु.

दुपारी रेणुकाचा फोन. वडिलांना सांगितलं तिनं, दिवाळीआधीच. ते उठून भट्टीवर गेले. ती मागं गेली. म्हणाले, मंग गाडीवरचं विमान पुसायचं का? ती म्हणाली, थांबा उद्यापोत.

उद्या दुपारी बारापर्यंत संघटनेचं उत्तर जायचं आहे.

लताची टोळी सकाळीच गेली. ट्रॅक्टरवर भांडी, पेट्या, शेळी. दोघी जावा मागच्या बाजूला बसलेल्या, पाय सोडून. वहिनीनं त्यांना दिवाळीचा फराळ आजच बांधून दिला. मी हात केला, लतानं केला नाही. तिचं लक्ष घराकडं होतं.

प्र. सरांना लिहितेय. आधी इथं लिहून बघते, मग पाठवते. फोनवर मी वक्ता होते, म्हणून लिहायचं.

‘सर,

तुमच्या शंकेला माझ्याकडं उत्तर नाही. एक एप्रिलला ते फिरले तर काय, हे मला माहीत नाही. एवढंच कळतं, की ज्यांना आपण ओळखतो त्यांच्या नावांची यादी मोडणं अनोळखी यादी मोडण्यापेक्षा अवघड असतं, आणि तुमचं नाव ज्या कागदावर आहे तो कागद फिरवायला त्यांना सगळ्यांत अवघड जाईल. पहारा बाहेरून देता येणार नाही. आत यावं लागेल.

तुमचं उडणं निम्मं मागतेय, हे मला कळतं. त्याची भरपाई माझ्याकडं नाही, आणि त्या बदल्यात काही मोठं सांगून तुम्हाला हलवायचंही नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मसुद्यावर सही न करण्याचा तुमचा अधिकार मी सगळ्यांपुढं मान्य करीन, आणि तुमच्याविषयी वाकडा शब्द बोलणार नाही, कुणाला बोलू देणार नाही.

समुद्र उजळतो त्या पहाटेच्या फेऱ्या तुम्ही घ्या, सगळ्या. दुपारच्या आणि रात्रीच्या माझ्या. जोडीत असं वाटून घ्यायला कुणाची ना नसते.

रेणुका उद्या दुपारपर्यंत वैमानिक आहे. पुढचं तुमच्या-माझ्या हातात आहे, आणि माझा हात मी पुढं केलाय. कॅप्टनांच्या यादीत शेवटच्या ओळीत माझं नाव एकटं आहे. उद्या बाराच्या आत त्याच्यापुढं तुमचं नाव लिहा.

वैजयंती’